होतं तस्सं पायजे!

कोल्हापुरात एखाद्या गोष्टीवर सगळ्यांचं एकमत झालं, की जाणत्या माणसानं चपला जवळ ओढून बसावं. भांडण आता कुठं सुरू व्हायचं असतं.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आमचं केशवराव भोसले नाट्यगृह जळलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. हार कुठं घालायचा, तर जे धुमसतंय तिथं, अशी ती सकाळ. ज्यांनी जन्मात पदरचं तिकीट काढून नाटक पाहिलं नव्हतं, तेसुद्धा रस्त्यावर उभे राहून डोळे पुसत होते. रडून झाल्यावर सगळं गाव एका सुरात म्हणालं, "होतं तस्सं पायजे!" पैलवान म्हणाले, रिक्षावाले म्हणाले, भेळवाले म्हणाले, झाडून सगळ्या पक्षांचे पुढारी म्हणाले. एवढं एकमत या गावात पूर्वी फक्त तांबड्या रश्श्यावर झालं होतं, आणि तेही पांढरा येईपर्यंतच टिकलं होतं.

मी मनात म्हटलं, झालं! कारण 'होतं तस्सं' म्हणजे नेमकं कसं, हे कुणी कुणाला विचारलंच नव्हतं.

पहिली ठिणगी (हा शब्द आता जपून वापरायला हवा) आमच्याच घरात पडली. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ, वय ब्याऐंशी. नाटकाला जाताना कोट घालणारे कोल्हापुरातले बहुधा शेवटचे गृहस्थ. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि विचारलं, "आणि माझी खुर्ची रं?"

"कुठली खुर्ची?"

"पाचवी रांग, डावीकडनं तिसरी."

"अहो मामा, खुर्च्या काय, नव्या येतील की."

"नवी नको. होती तशीच पायजे म्हणतायत न्हवं सगळे? माझी कुरकुरायची. गवई समेला चुकला की हमखास कुरकुरायची."

खुर्ची कुरकुरायची कारण गवई चुकला की मामा तिडीक येऊन हलायचे, हे त्यांना समजावणं शक्य नव्हतं. शिवाय त्यांच्याच हयातीत त्या नाट्यगृहातल्या खुर्च्या बदलल्या होत्या. पण मामांच्या मते बाकीच्या बदलल्या. पाचव्या रांगेतली डावीकडून तिसरी तेवढी तीच होती.

माझ्या लक्षात आलं की गावात एक नाट्यगृह जळलंच नव्हतं. साडेपाच-सहा लाख नाट्यगृहं जळली होती, आणि ज्याला त्याला स्वतःचं परत हवं होतं.

आता इतिहासाकडे वळायचं तर शाहू महाराजांनी हे काम काढलं १९१३ साली, आणि १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभं राहिलं. शेजारचं खासबागचं कुस्तीचं मैदान त्याआधीचं, १९१२ चं. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी महाराज विलायतेला गेले, युरोप बघत परतले, रोमचं ते भलंमोठं गोल मैदान पाहिलं आणि असं काहीतरी आपल्या माणसांसाठी करायचं मनात धरून आले. ही गोष्ट कोल्हापुरातल्या पोराला शाळेत घालायच्या आधी सांगतात. एका अंगाला तांबडी माती, दुसऱ्या अंगाला मखमली पडदा, आणि दोघांची पाठ एकमेकांना लागलेली. दुसरा कुठला राजा असता तर नाटक राजवाड्यात आणि कुस्ती गावाबाहेर ठेवली असती. आमच्या महाराजांनी दोन्ही शेजारी शेजारी मांडली, त्यामुळे आजही इथला प्रेक्षक नाटक कुस्तीसारखं बघतो. खलनायक वरचढ व्हायला लागला की मागून कुणीतरी नायकाला डाव सुचवतंच.

तर 'होतं तस्सं' म्हणजे १९१५ चं करायचं का? हा प्रश्न मी संध्याकाळी कट्ट्यावर टाकला. "मग, म्हाराजांनी केलं तस्संच!" असं सगळे म्हणाले. मी म्हटलं, ठीक आहे. मग एसी नाही. मान्य. माइक नाही, नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत त्याच्या त्यानं पोचवायचा. हेही मान्य, उलट टाळ्या. नाटक रात्रभर चालणार, भैरवी उजाडताना. इथं दोघांनी घड्याळाकडे बघितलं. आणि बायकांसाठी वेगळा रंगपट नाही, कारण तेव्हा नायिकाच मुळात दाढी करून रंगायला बसायची. यावर कट्ट्यावर शांतता झाली.

विनोद सोडा, पण ज्यांचं नाव या नाट्यगृहाला पुढे दिलं ते केशवराव स्वतः लहानपणी शारदा करून गाजले होते. १८९० चा जन्म. १९०८ साली, विशीही गाठली नव्हती तेव्हा, 'ललितकलादर्श' काढली. ८ जुलै १९२१ ला मुंबईत तो 'संयुक्त मानापमान' झाला, बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले. उणंपुरं एकतीस वर्षांचं आयुष्य. माझ्या वयाच्या एकतिसाव्या वर्षी मी राज्य नाट्य स्पर्धेत भालदार होतो. त्यांच्या नावाच्या रंगमंचावर मी भाला घेऊन दोन अंक उभा राहिलो आणि तिसऱ्या अंकात महाराजांना मुजरा करायला वाकलो तेव्हा भाल्याचं टोक झालरीत अडकलं. मी सरळ झालो, झालर माझ्याबरोबर आली. परीक्षकांनी शेऱ्यात 'नेपथ्याचा सूचक वापर' असं लिहिलं होतं. त्यामुळे माझ्या 'होतं तस्सं' मध्ये ती झालर पाहिजे, उजव्या विंगेतली, खालून टाके घातलेली. असो.

कट्ट्यावरचा पुढचा वाद रंगमंचाखालच्या पोकळीवरून पेटला. आवाज घुमावा म्हणून रंगमंचाखाली खोल जागा ठेवलेली होती असं जुने लोक सांगतात. ती कसली, यावर मात्र तट पडले. एक म्हणाला विहीर, एक म्हणाला हौद, एकानं छातीठोक सांगितलं की ते भुयार आहे आणि थेट पन्हाळ्यावर निघतं. महाराष्ट्रातलं कुठलंही भुयार शेवटी किल्ल्यावरच निघतं. बाजारात किंवा सोयीच्या एसटी स्टँडवर निघालेलं भुयार मी अजून ऐकलेलं नाही. भुयारवाल्याला विचारलं, "तू आत गेलायस काय?" तर म्हणाला, "आमच्या आज्ज्याचा दोस्त गेलता." "मग?" "मग काय, आला न्हाय की परत!" एवढा भक्कम पुरावा मिळाल्यावर कोण काय बोलणार.

हा विषय डोक्यात बसला तसा मी जगात आणखी कुणाकुणाचं जळलंय ते शोधायला लागलो. दुःखात माणूस सोबती हुडकतोच. मला सापडलं ते व्हेनिसचं 'ला फेनिचे'. १७९२ सालचं ऑपेराचं थिएटर. फेनिचे म्हणजे तो राखेतून पुन्हा जन्म घेणारा पक्षी. पोरांची आणि थिएटरांची नावं जरा विचार करून ठेवावीत, ती कधी मनावर घेतील सांगता येत नाही. १८३६ च्या डिसेंबरात ते जळलं. एका वर्षात पुन्हा उभं केलं. मग २९ जानेवारी १९९६ ला पुन्हा जळलं, आणि ते कशामुळे, तर नूतनीकरणामुळे! विजेचं काम ज्यांच्याकडे होतं त्या दोघा नातेवाइकांचं काम मुदतीत होत नव्हतं. उशिराबद्दल दंड बसणार होता. तो चुकावा म्हणून त्यांनी थोडीशी आग लावली. थोडीशी आग ही गोष्ट जगात नसते, एवढंच त्यांना ठाऊक नव्हतं. पुढे २००१ साली कोर्टानं एकाला सात आणि दुसऱ्याला सहा वर्षांची शिक्षा दिली.

आमच्या घरचं वायरिंग करणारा गेले चार महिने "उद्या सकाळी नक्की" म्हणतो. मी त्याच्यावर फार चिडायचो. व्हेनिसचं वाचल्यापासून मला त्याच्याबद्दल आदर वाटायला लागलाय. हा नुसता येत नाही.

बरं, व्हेनिस म्हणजे पाण्यात उभं राहिलेलं गाव. तरी त्या रात्री बंब जवळ जाईनात, कारण थिएटरला लागून असलेले कालवे नेमके गाळ काढण्यासाठी कोरडे केले होते. शेवटी हेलिकॉप्टरनं वरून पाणी टाकलं. नदीकाठच्या गावात राहून ज्यानं टँकरची वाट पाहिली आहे, त्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

आणि आग विझल्यावर व्हेनिसकर काय म्हणाले असतील? "जसं होतं तसं, जिथं होतं तिथं!" शब्दशः. ही घोषणाही त्यांची जुनीच. १९०२ च्या जुलैत त्यांच्या चौकातला प्रचंड घंटामनोरा कोसळला तेव्हापासूनची. म्हणजे आमचे महाराज ज्या वर्षी युरोपात होते त्याच वर्षी 'होतं तस्सं पायजे' हे वाक्य तिथल्या हवेत होतं. ते महाराजांच्या कानावर पडलं आणि सामानाबरोबर कोल्हापूरला आलं, असं मी कट्ट्यावर ठोकून दिलं. भुयारवाल्यानं लगेच मान डोलावली. अशानंच इतिहास तयार होतो.

व्हेनिसला होतं तसं करायला जवळजवळ आठ वर्षं लागली. आधी एका कंपनीला काम मिळालं. दुसरी कोर्टात गेली. कोर्टानं पहिलीचं काढून दुसरीला दिलं. मग दुसरीचं आणि नगरपालिकेचं फाटलं, तिला घालवली, तिसरी आणली. तोवर ज्यांचा आराखडा होता ते आल्दो रॉस्सी १९९७ मध्येच देवाघरी गेलेले. १४ डिसेंबर २००३ ला एकदाचं ते उघडलं. हे सगळं वाचताना मला इतकं घरच्यासारखं वाटत होतं, की मध्येच 'फेरनिविदा' हा शब्द इटालियनच असावा अशी शंका आली.

मात्र एका बाबतीत ते नशीबवान. आतलं नक्षीकाम कसं होतं हे बघायला त्यांना सिनेमा मिळाला. व्हिस्कॉन्तीनं १९५४ च्या 'सेन्सो'ची सुरुवात त्याच थिएटरात चित्रित केली होती. मी कट्ट्यावर म्हटलं, आपलं तर गावच सिनेमाचं. बाबूराव पेंटर नाटकाचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडे वळले ते इथंच. तेव्हा आपल्याकडे फोटो तर ढिगानं असतील. आणि आहेतच. कोल्हापुरात प्रत्येक घरात केशवराव भोसले नाट्यगृहाचा फोटो आहे. प्रत्येक फोटोत मधोमध घरचाच कुणीतरी शाल-श्रीफळ नाहीतर बक्षीस घेत उभा आहे, आणि त्याच्या कानामागे बोटभर पडदा दिसतो. सगळ्या गावानं अल्बम आणून दिले, तर त्या पुराव्यावरून जे उभं राहील ते एक निळसर पडदा, एक टेबल, टेबलावर पाण्याचे ग्लास आणि मागं 'हार्दिक स्वागत' एवढंच असेल.

'होतं तस्सं' वर लोक एवढे का अडून बसतात, याचं खरं कारण मला माहीत आहे. त्यांनी इतर गावची 'नवीन' नाट्यगृहं पाहिलेली असतात.

आमच्या हौशी संस्थेचा प्रयोग एकदा दुसऱ्या एका जुन्या, इतिहासप्रसिद्ध गावी होता. नाव सांगत नाही. मानधनाचा अर्धा चेक अजून यायचा आहे. तिथल्या जुन्या नाट्यगृहाचं नुकतंच नूतनीकरण झालेलं. बाहेरून बघितलं तर डोळे दिपले. काळाभोर ग्रॅनाइट, काचेचे दरवाजे, लॉबीत कारंजं, आणि पुरुषभर उंचीची उद्घाटनाची कोनशिला. तिच्यावर इतकी नावं, की आमच्या तिकीटविक्रीपेक्षा जास्त भरतील. आम्ही टेम्पो मागं नेला आणि सेट उतरवायला घेतला. मागचं दार तीन फुटी. आमचा दिवाणखान्याचा फ्लॅट सहा फुटी.

"पूर्वी इथं मोठं दार होतं न्हवं?" आमच्या नेपथ्यवाल्या काकांनी विचारलं.

"होतं की," तिथला शिपाई म्हणाला, "पण तिथनं मांजरं यायची."

काकांनी एक शब्द न बोलता करवत काढली आणि दिवाणखाना मधोमध कापला. आत नेऊन जोडला तेव्हा भिंतीवरचा वाडवडिलांचा फोटो दोन भागांत आला, आणि वाडवडील जरा विस्मयचकित दिसायला लागले. रंगमंचावर पाऊल टाकलं तर खाली चकाचक फरशी. रंगमंचाला फरशी! लाकडाच्या फळ्यांवर पाऊल वाजतं, खिळा बसतो, ब्रेस ठोकता येतो. फरशीवर यातलं काही होत नाही, फक्त नायिका घसरते. आमची पहिल्या प्रवेशात घसरली, आणि नायकानं तिला सावरलं तो प्रवेश नेमका भांडणाचा होता. डावी विंग दीड फूट, कारण तिथं एसीचं यंत्र आलेलं. उजवीकडे जागा ऐसपैस, पण रंगपट डावीकडे. म्हणजे डावीकडून जाऊन उजवीकडून यायचं असेल तर बाहेर पडून, कारंज्याला वळसा घालून, तिकीट खिडकीसमोरून धावायचं. आमचा खलनायक दुसऱ्या अंकात असा धावताना दोघांनी त्याला थांबवून विचारलं, पार्किंग कुठाय.

प्रेक्षागृहात मात्र स्वर्ग होता. खुर्च्या इतक्या मऊ, की बसलेला माणूस वीस मिनिटांत आडवा. हाताशी ग्लास ठेवायला खोबण. थंडी अशी, की पहिल्या रांगेतल्या आजी मध्यंतरात घरी जाऊन शाल घेऊन आल्या. शाल घेऊनही परत आल्या म्हणून आम्ही त्यांना पडद्याआडून नमस्कार पाठवला. मी तिथल्या व्यवस्थापकांना विचारलं, "हे बांधताना कुठल्या नाटकवाल्याला विचारलं होतं का हो?" ते म्हणाले, "विचारलं की. उद्घाटनाला नांदी म्हणायला बोलावलं होतं."

यात त्यांचा तरी काय दोष म्हणा. नाट्यगृह बांधणाऱ्या माणसाला नाट्यगृह समोरून दिसतं. ते वापरणाऱ्याला मागून, अंधारात, एका हातात चप्पल आणि एका हातात तलवार असताना दिसतं. मागची बाजू कुणाच्या फोटोत येत नाही.

इकडं कोल्हापुरात जळितानंतर पुन्हा काम सुरू झालं, तसं कट्ट्यावर मागण्यांची यादी वाढत गेली. आमची आत्या म्हणाली, "मी सांगतो, बायकांची रांग वेगळी ठेवा." (आमच्याकडच्या जुन्या बायका 'मी सांगतो, मी जातो' असंच म्हणतात, परगावच्या वाचकांनी छापण्यातली चूक समजू नये.) तालमीतले वस्ताद म्हणाले, खुर्ची रुंद पाहिजे, पैलवान माणूस बसला की दोघांचं तिकीट कापायला लागतं. एका निवृत्त मास्तरांनी तिसऱ्या घंटेनंतर दार बंद करणारा तो जुना डोअरकीपरच पाहिजे असं सुचवलं. तो वारला असं कळल्यावर ते म्हणाले, "मग तसला बघा." सगळ्यांना पार्किंग हवंच होतं. शाहू महाराजांनी एवढं सगळं केलं पण पार्किंग केलं नाही, असं एकजण हळूच म्हणाला; त्याला बाकीच्यांनी त्या संध्याकाळचा चहा दिला नाही.

मामा यातल्या कशातच नव्हते. त्यांनी परवा कोट घातला आणि म्हणाले, "चल."

"कुठं?"

"नाटकाला."

मी त्यांना रिक्षातून खासबागेपाशी नेलं. कामाभोवती पत्रे लावलेले. एका पत्र्याला बेताचं भोक होतं, त्यातून मामा बराच वेळ बघत राहिले. आतून कापायच्या यंत्राचा आवाज येत होता. पहारेकरी आला.

"आजोबा, काय बघताय? आजून काय झालं न्हाई आत."

"माझी खुर्ची कुठं येती ते बघतोय," मामा म्हणाले.

मग ते भिंतीच्या कोपऱ्यापासून पावलं मोजत निघाले. एकदा चुकले, मागं गेले, पुन्हा मोजत आले, आणि फूटपाथवर एका जागी थांबले. "हितं. त्या भिंतीच्या आत सरळ घेतलं की पाचवी रांग." मी भेळवाल्याकडून एक प्लॅस्टिकचं स्टूल मागून आणलं. मामा त्यावर बसले, कोटाचं बटण लावलं, काठी दोन गुडघ्यांमध्ये उभी धरली आणि पत्र्याकडे तोंड करून थांबले. समोर खडीनं भरलेला एक डंपर उभा होता, अगदी मध्ये.

दोन मिनिटं झाली. स्टूल कुरकुरलं.

"त्या फुडच्याला सांग रं," मामा म्हणाले, "जरा खाली वाक म्हणावं. काय दिसत न्हाय."